दगड वाचण्याची परवानगी

वयाच्या छपन्नाव्या वर्षी मी इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. का घातलं, हे कृपा करून विचारू नका. घरच्यांनी विचारून झालंय, ऑफिसातल्यांनी विचारून झालंय, आणि आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे निवृत्त स्टेशनमास्तर अजूनही जिन्यात गाठून विचारतात. प्रत्येकाला मी वेगळं कारण सांगितलं. त्यामुळे खरं कारण कोणतं, ते आता माझं मलाच आठवत नाही.

वर्ग संध्याकाळी सहाला, एका प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर भरायचा. बाकं चौथीच्या मुलांच्या मापाची. बसताना मी आधी डावा पाय आत घालायचो, मग उरलेला मी. उठताना शेजारच्या नर्सबाई हात द्यायच्या. त्यांना सवय होती. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. तोंडाने मला ‘काका’ म्हणायच्या, पण वहीवर लाल रेघ ओढताना कसल्याही नात्याचा मुलाहिजा ठेवायच्या नाहीत.

बाईंची पद्धत निराळी होती. ‘हा राजू आहे, हा चेंडू आहे’ असलं काही नाही. त्या शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची पत्रं, जाहीरनामे, मृत्युपत्रं आणायच्या आणि आमच्यापुढे टाकायच्या. म्हणायच्या, “शब्द माणसांसारखे असतात. तरुणपणी वेगळे, म्हातारपणी वेगळे. ‘नाइस’ या शब्दाचा अर्थ एके काळी ‘मूर्ख’ असा होता.”

हे ऐकून मी जरा अस्वस्थ झालो. आमचे साहेब माझ्या टिपणांवर गेली अकरा वर्षं ‘नाइस’ असा शेरा मारत आले आहेत. साहेबांचं इंग्रजी कोणत्या काळातलं आहे, हे एकदा तपासायला हवं होतं.

तर तिसऱ्या आठवड्यात बाईंनी गृहपाठ दिला. प्रत्येकाने आपल्या आसपास असलेला, शंभर वर्षांहून जुना एखादा इंग्रजी मजकूर शोधायचा. त्यातल्या शब्दांचे अर्थ आणि व्याकरण लिहून आणायचं आणि वर्गात वाचून दाखवायचं. मुदत पंधरा दिवस. “आणि मजकूर पूर्ण हवा,” बाई म्हणाल्या. “अर्धा चालणार नाही.”

नर्सबाईंना दवाखान्याच्या माळ्यावर एक जुनी नियमावली मिळाली. मला तर मजकूर शोधावाही लागला नाही. आमच्या इमारतीच्या बाजूने एक बोळ मोठ्या रस्त्याला निघतो. त्या बोळाच्या तोंडाशी, भिंतीत बसवलेला एक काळा दगड आहे. त्यावर इंग्रजी अक्षरं आहेत, आणि दीडशे वर्षांपूर्वीचं साल. एकवीस वर्षं मी त्या दगडाला टेकून चपलेतला खडा काढत आलो होतो. वाचला मात्र कधीच नव्हता.

रविवारी सकाळी वही घेऊन गेलो. मजकूर असा: ‘धिस वे शॅल बी केप्ट ओपन फॉर ऑल पर्सन्स विदाऊट लेट’. त्याच्या खाली आणखी एक ओळ असावी, पण कधीतरी गटार दुरुस्त करताना तिच्यावर सिमेंट चढलं होतं.

सुरुवात सोपी होती. ही वाट सर्व लोकांसाठी खुली ठेवली जाईल. पुढे ‘विदाऊट लेट’. इथे मी अडलो. मी उभ्या उभ्या डोकं खाजवतोय हे पाहून स्टेशनमास्तर बाहेर आले. दुसऱ्याला अडलेलं पाहिलं की त्यांना घरात राहवत नाही.

“लेट म्हणजे उशीर, स्पेलिंग जुनं असेल,” ते म्हणाले. “मी अडतीस वर्षं नोकरीत हा एकच शब्द पुकारला. विदाऊट लेट म्हणजे उशीर न करता. या वाटेने भराभर चालावं, रेंगाळू नये. जुन्या लोकांना शिस्त होती!”

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काकू ओणवल्या. त्यांची एक खोली दोन वर्षांपासून रिकामी आहे आणि तिच्या दारावर ‘टू लेट’ अशी पाटी आहे. त्या वरूनच म्हणाल्या, “उशीर कसला? लेट म्हणजे भाड्याने! या बोळात भाडं घ्यायचं नाही, असं लिहिलंय.”

“अहो, बोळ भाड्याने कोण घेईल?”

“जागा मिळत नाही म्हटल्यावर लोक काहीही घेतात,” काकू म्हणाल्या. मग त्यांना स्वतःची रिकामी खोली आठवली असावी, कारण त्या एकदम आत गेल्या.

घरी येऊन बायकोला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, “लेट म्हणजे जाऊ दे. तीस वर्षं मी तुम्हाला तेच सांगतेय.”

दोन अक्षरांचा काय तो शब्द, आणि एका सकाळी त्याचे तीन अर्थ झाले. दुसरा कोणी असता तर वही मिटून मोकळा झाला असता. पण माझं एक आहे. सोपं काम मी कितीही दिवस पुढे ढकलू शकतो. अवघड काम मात्र हातात घेतलं की सोडत नाही. माझ्या आयुष्यात जे काही बिघडलंय, ते या गुणामुळेच.

खालची ओळ दिसली तर कोडं सुटेल, म्हणून मी स्वयंपाकघरातलं उलथणं घेऊन पुन्हा खाली गेलो. दोनदा खरवडलं, उलथणं वाकलं. सिमेंटला काही झालं नाही. स्टेशनमास्तर ओरडले, “अहो, सरकारी दगड आहे! परवानगीशिवाय हात लावलात तर आत जाल!”

आत जाण्याची माझी तयारी नव्हती. गृहपाठासाठी तर नव्हतीच. सोमवारी अर्धी रजा टाकून मी वॉर्ड ऑफिसात गेलो. अर्ज मीच लिहिला होता, शुद्ध मराठीत: ‘सदर दगड संपूर्ण वाचण्याची परवानगी मिळावी.’

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज हातभर लांब धरून पाहिला.

“दगड वाचायला त्याला धोका काय आहे?”

“धोका असा नाही, पण सिमेंट आलंय त्याच्यावर.”

“कोणी टाकलं?”

“कोणास ठाऊक.”

“म्हणजे अज्ञात इसमाने. मग धोका आहे म्हणा ना!” असं म्हणून त्याने नोंदवहीत लिहिलं आणि शिक्का मारून पोच माझ्या हातात दिली. पोच मी घरी येऊन वाचली. विषय: दगड वाचवण्याची मागणी. इतिहासात एकदा ‘ध’चा ‘मा’ झाला होता. माझ्या बाबतीत नुसता एक ‘व’ मध्ये घुसला. इंग्रजी शब्दाच्या मागे लागलो होतो आणि मराठीनेच दगा दिला.

दुरुस्तीसाठी मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. कारकून म्हणाला, दुरुस्तीचा अर्ज वेगळा, तो मूळ अर्जाचा निकाल लागल्यावर घेतात. मी त्याच्याशी वाद घातला नाही. मीही तेहतीस वर्षं आवक-जावक सांभाळतोय. त्याच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. फक्त काचेच्या या बाजूने ते ऐकायला फार वाईट वाटतं, हे मला पहिल्यांदाच कळलं.

पुढे जे झालं त्यात माझा काडीचाही हात नव्हता. बोळाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याचं दुकान आहे. मालक तिथेच मागे राहतो. सगळे त्याला पत्रेवाला म्हणतात. अंगाने आडवा, बोलायला तुटक. बोळाला लोखंडी गेट बसवून कुलूप लावायचं, असा त्याचा अर्ज त्याच ऑफिसात, त्याच टेबलावर पडून होता. कारकुनाने दोन अर्ज शेजारी ठेवले, जागा एकच पाहिली, आणि दोघांना नोटिसा काढल्या: स्थळपाहणी, सुनावणी, उभय पक्षांनी हजर राहावं.

मी उभय पक्षांपैकी एक झालो होतो! आयुष्यात मी कधी कुठल्याही पक्षात गेलो नव्हतो.

त्याच संध्याकाळी पत्रेवाला घरी आला. दारातच उभा राहिला.

“काका, माझ्या गेटच्या विरोधात अर्ज केलात?”

“अहो, मी गृहपाठ करतोय.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि म्हणाला, “थट्टा करू नका. मी वकील दिलाय.”

तो गेला आणि मला गेटची खरी भानगड कळली. म्हणजे बायकोने समजावून दिली. बोळ बंद झाला तर भाजीला, बसला, दवाखान्याला अख्खा वळसा पडणार. काकूंचे गुडघे, स्टेशनमास्तरांची काठी, सगळ्यांनाच तो महागात पडणार. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात लोक मला ‘तुम्ही लढा, आम्ही मागे आहोत’ म्हणू लागले. मागे म्हणजे किती मागे, ते कोणी सांगितलं नाही.

आता शब्दाचा अर्थ लागायलाच हवा होता. बाई म्हणाल्या, “काका, अर्थ विचारण्याआधी शब्द वाक्यात काय काम करतोय ते विचारा. ‘विदाऊट’च्या पुढे काय येतं?”

“नाम,” मी म्हणालो.

“मग ‘उशिरा’ हे नाम आहे?”

“नाही.”

“‘जाऊ दे’ हे?”

“नाही.” बायकोला चुकीचं ठरवताना मला उगाच हुशारी वाटली. ती मी वर्गातच संपवली, घरी नेली नाही.

“मग असा ‘लेट’ शोधा जो नाम आहे. मोठ्या वाचनालयात मोठा शब्दकोश आहे, जुने अर्थ देणारा. मी सांगणार नाही. गृहपाठ तुमचा आहे.”

मोठ्या वाचनालयात संदर्भ विभाग फक्त सभासदांना खुला होता. साधं सभासदत्व महिनाभर बंद. विद्यार्थी सभासदत्व चालू. मी विद्यार्थी आहे म्हणालो. ग्रंथपाल बाईंनी चष्मा वर केला, पण नियमात वयाची अट सापडली नाही. फॉर्म मिळाला. शाळेचं नाव, इयत्ता, आणि शेवटी: पालकाची सही.

“मला पालक नाहीत,” मी म्हणालो. “दोघेही वारले.”

“रकाना रिकामा चालत नाही.”

फॉर्म घरी नेला. बायकोने तो पूर्ण वाचला, ‘पाल्याच्या वर्तनाची जबाबदारी मी घेत आहे’ या ओळीवर जरा थांबली, आणि सही केली. नात्याच्या रकान्यात ‘पत्नी’ लिहिलं. “आता वेळेवर घरी येत जा,” एवढंच म्हणाली.

शब्दकोश म्हणजे एकेक खंड पाटावरवंट्याएवढा. वाचनालयाच्या शिपायाने तो आणून आपटला आणि कुठला शब्द म्हणून चौकशी केली. मी सांगितला. “लेट? मी टेबल टेनिस खेळतो ना. सर्व्हिस जाळीला लागून गेली की लेट म्हणतात. पुन्हा मारायची.”

“जाळीला लागून?”

“हो. मध्ये अडलं ना काहीतरी.”

मी पानं उलटली. ‘लेट’ एकदा आला: होऊ देणे, भाड्याने देणे. आणि खाली, दुसऱ्या आकड्याने, त्याच अक्षरांचा पण वेगळ्या जन्माचा दुसरा ‘लेट’: नाम. जुना. अर्थ, अडथळा, आडकाठी. पुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की जुन्या दस्तऐवजांत तो बहुधा जोडीने येतो, ‘लेट ऑर हिंडरन्स’. दोन्हींचा अर्थ एकच, फक्त वजन वाढवायला दोनदा.

ही वाट सर्वांसाठी खुली राहील, कसलीही आडकाठी न करता. मी ते वाक्य वहीत तीनदा लिहिलं. नोकरीत कायम झालो त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

सुनावणी बोळातच ठेवली होती. अधिकारी बाई आल्या, कारकून आला, वकील आले. इमारत माझ्या मागे उभी राहिली, म्हणजे जिन्यात आणि गॅलरीत. आमच्या बाईसुद्धा अर्धा वर्ग घेऊन आल्या होत्या. त्या बाजूला उभ्या राहिल्या, पण त्यांच्या हातात लाल पेन होतं.

वकिलांनी आधी बोलायला सुरुवात केली. “लेट म्हणजे भाडेपट्टा. विदाऊट लेट म्हणजे या वाटेसाठी कोणाशीही पट्टा झालेला नाही. पट्टा नाही म्हणजे हक्क नाही. ही मालकाची मेहेरबानी आहे, आणि ती केव्हाही मागे घेता येते.”

वरून काकू ओरडल्या, “मी म्हटलंच होतं, भाडं!” स्वतःच्या पक्षाविरुद्ध साक्ष देणारी इतकी खणखणीत साक्षीदार वकिलांना आयुष्यात मिळाली नसेल.

माझी पाळी आली. मी वही उघडली आणि म्हणालो, “‘विदाऊट’च्या पुढे नाम येतं.”

“भाडेपट्टा हेही नामच आहे,” वकील म्हणाले.

हे मला सुचलं नव्हतं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. परीक्षेत मदत नाही. क्षणभर वाटलं, वही मिटावी, पोटात दुखतंय म्हणावं आणि घरी जावं. पण मागे जिना भरलेला होता. घरी जायलाही वाट नव्हती.

“बाईसाहेब,” मी अधिकारी बाईंना म्हणालो, “वाक्य अजून संपलेलं नाही. खाली एक ओळ सिमेंटमध्ये आहे. तिथे काय लिहिलंय ते मी न पाहता सांगतो. दोन शब्द. ‘ऑर हिंडरन्स’. म्हणजे ‘किंवा अटकाव’. तसं निघालं तर लेट म्हणजे आडकाठी. नाही निघालं तर गेट बसवा, मी स्वतः कुलूप आणून देतो.”

बायकोने डोक्याला हात लावलेला मला खालून दिसला.

अधिकारी बाईंनी मिस्त्रीला बोलावलं. छिन्नीचे घाव पडू लागले. पहिला तुकडा पडला, खाली नुसता काळा दगड. दुसरा पडला, तरी दगडच. वकील घड्याळ बघायला लागले. स्टेशनमास्तरांनी माझ्या कानात हळूच विचारलं, “कुलूप कुठल्या कंपनीचं आणणार?” तिसऱ्या घावाला सिमेंटचं मोठं ढलपं सुटलं आणि गोल ‘ओ’ दिसला. मग ‘आर’. मग एक ‘एच’.

पुढची अक्षरं मी पाहिली नाहीत, डोळ्यांत धूळ गेली होती. निदान बायकोला मी तसंच सांगितलं. पण टाळ्या ऐकल्या, आणि त्यातून बाईंचा आवाज आला, “काका, पाथरवटाने एक अक्षर खाल्लंय. वहीत नोंद करा!”

अधिकारी बाईंनी तिथेच निकाल लिहिला: गेट नामंजूर. सगळे पांगले. जो तो म्हणत होता, आपण आधीच सांगितलं होतं. मी वही बगलेत मारून निघालो तर पत्रेवाला दगडापाशी एकटा उभा होता.

“काका,” तो म्हणाला, “गेट मला माझ्यासाठी नको होतं. माझे वडील हरवतात. दुपारी माझा डोळा चुकवून बोळातून मोठ्या रस्त्यावर जातात आणि परतीचा रस्ता विसरतात. दोनदा पोलिसांनी आणून सोडलं. मागच्या वेळी गाडीखाली येता येता वाचले.”

“मग हे अर्जात का नाही लिहिलं?”

“कारणाच्या रकान्यात ‘सुरक्षा’ लिहिलं. ‘बापाला आता घर आठवत नाही’ असं कसं लिहायचं? नोटीस बोर्डावर लावतात ते अर्ज.”

शब्दकोशातला एकही शब्द कामाला आला नाही. जिंकल्याचा जो काही फुगा होता, तो जिन्यापर्यंतही टिकला नाही.

घरी जेवण गेलं नाही. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वाट सर्वांसाठी खुली आहे ना? मग त्यांच्यासाठीही खुली आहे. फक्त त्यांनी एकट्याने जायचं नाही. सोबत कोणी जायचं, ते ठरवा.”

मी ठरवलं, आणि मी ठरवलं की काय होतं ते तुम्हाला कळलंच आहे. त्याच आठवड्यात मी घरोघर फिरलो. काकूंनी गॅलरीतून नजर ठेवायचं कबूल केलं. त्या तशाही ठेवतातच. स्टेशनमास्तरांनी पाळ्यांचं वेळापत्रक काढून जिन्यात लावलं आणि मिनिटभर इकडेतिकडे झालं तर खुलासा मागायला सुरुवात केली. पत्रेवाला आधी नको नको म्हणाला. मग वेळापत्रकाला लावायला जाड पत्र्याची चौकट करून घेऊन आला.

गृहपाठाला मला दहापैकी सात मिळाले. दोन हस्ताक्षराचे गेले, आणि एक, मी व्याकरणाच्या वहीत ‘हा विजय आहे’ असं वाक्य लिहिलं होतं, त्याचा गेला. ‘अवांतर’ असा शेरा होता. मला तो पटला.

माझी पाळी रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच. ऑफिसातून येतो, पत्रेवाल्याच्या वडिलांना घेऊन बोळातून मोठ्या रस्त्यापर्यंत जातो, कोपऱ्यावरच्या बाकावर दोघं बसतो, आणि परत येतो. ते हसतमुख आहेत. आदल्या दिवशीचं त्यांना काही आठवत नसतं, म्हणून ते रोज माझी नव्याने चौकशी करतात.

“काय करता आपण?”

“इंग्रजी शिकतो.”

“शाळेत जाता?”

“जातो. सहाला वर्ग असतो.”

मग ते माझ्या बगलेतली वही मागून घेतात, पानं चाळतात, लाल रेघांवरून बोट फिरवतात. त्यांना इंग्रजी येत नाही. मराठी वाचनही बेताचंच.

“मला चौथीतून काढलं,” ते म्हणतात. “पत्रे कापायला बसवलं. हात बघा.” हातावर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा आहेत. मी त्या रोज बघतो. मग ते वही मिटून माझ्या मांडीवर ठेवतात आणि पाठीवर थाप मारतात.

“शाबास. तुम्ही शिका. उठा आता, उशीर होईल. मास्तर रागावतील.”

आणि मला हाताला धरून, घराच्या बरोबर उलट दिशेला चालायला लागतात. मी दहा पावलं त्यांच्याबरोबर जातो. मग हळूच दोघांना वळवून घेतो.